वायरलेस हेडफोनला वायर : एका कीबोर्डचे प्रकरण

डोंबिवलीत आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी बँकेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कीबोर्ड शिकायला घेतला. दिवसभर घरात माणसांचा राबता असल्यामुळे रियाझाला बसण्याची वेळ रात्री दहानंतरचीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ आणि निवासी भागासाठी त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल. पण काकूंना नियमापेक्षा खालच्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीची काळजी अधिक होती. ही अडचण ऐकून बंगळूरच्या मुलाने संपूर्ण कान झाकणारा, बाहेरचा गोंगाट दाबणारा एक चांगला वायरलेस हेडफोन पाठवून दिला. पुढे जे घडले ते नीट नोंदवून ठेवावे असे वाटले, कारण हेडफोन चांगला, कीबोर्ड चांगला आणि शिकणारी व्यक्ती मेहनती असूनही दीड महिना केवळ जोडणीपायी वाया गेला.

माझा व्यवसाय ध्वनिव्यवस्थेचा. लहान सभागृहांतील कार्यक्रमांना माइक आणि स्पीकर लावण्याचे काम मी करतो. तरीही हे प्रकरण माझ्याकडे हेडफोनची तक्रार म्हणून आलेच नाही. जिन्यात भेट झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, माझे हात आता म्हातारे झाले बघ. सर म्हणतात, लय सुटते." मी विचारले, लय पुढे जाते की मागे पडते? त्यावर त्यांनी जे सांगितले त्यानेच माझे कान टवकारले. घरी एकट्याने वाजवताना हात संथ होत जातो, आणि शनिवारी क्लासमध्ये मेट्रोनोमबरोबर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर, वाजवताना सर म्हणतात, "काकू, ठोक्याच्या आधी येताय." एकाच माणसाचा हात घरी रेंगाळतो आणि क्लासमध्ये घाई करतो, हे वयाचे लक्षण नव्हे.

घरातील जोडणी

त्यांच्या कीबोर्डवर ब्लूटूथचे चिन्ह आहे. ते पाहून मुलाने फोनवरून सूचना दिल्या आणि दोन संध्याकाळी हेडफोन कीबोर्डशी जोडण्याची खटपट झाली. ती यशस्वी होणे शक्यच नव्हते. अनेक डिजिटल पियानो आणि कीबोर्ड यांतील ब्लूटूथ ध्वनी केवळ घेते. म्हणजे फोनवरचे गाणे कीबोर्डच्या स्पीकरमधून ऐकता येते, पण कीबोर्डचा आवाज ब्लूटूथ हेडफोनकडे पाठवता येत नाही. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असते, मात्र खोक्यावर चिन्ह मोठे आणि हे वाक्य आत कुठेतरी बारीक अक्षरांत. त्यामुळे फसगत होते त्यात काकूंचा दोष काही नाही.

मग कोणीतरी सुचवल्यावरून त्यांनी एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर विकत घेतला. कीबोर्डच्या मागे हेडफोनसाठी जे भोक असते त्यात तो खोचला, हेडफोन जोडला गेला, आवाज आला आणि सर्वांचे समाधान झाले. प्रश्न सुटल्यासारखा दिसला, आणि म्हणूनच पुढचे पाच आठवडे कोणी जोडणीकडे पाहिले नाही. आवाज मुळीच आला नसता तर दोष दुसऱ्याच दिवशी सापडला असता.

उशीर किती होता

मी तपासणी केली ती अगदी घरगुती. फोनमधील ध्वनिमुद्रण चालू करून फोन पट्ट्यांच्या शेजारी ठेवला, हेडफोनचा एक कप त्याच्या माइकजवळ टेकवला आणि नखाने एक पट्टी जोरात दाबली. मुद्रणात दोन आवाज उमटतात : आधी प्लास्टिकची पट्टी तळाशी आपटल्याची टक, आणि नंतर हेडफोनमधून येणारा स्वर. हे मुद्रण संगणकावर उघडून दोहोंमधील अंतर मोजले, की उशीर समोर दिसतो. दहा वेळा मोजले. ट्रान्समीटरमधून जाणारा स्वर प्रत्येक वेळी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, उशिरा येत होता.

हा आकडा ब्लूटूथसाठी मुळीच आश्चर्याचा नाही. ध्वनीचे तुकडे करायचे, ते आकुंचित करायचे, रेडिओलहरींवरून पाठवायचे, वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवता यावा म्हणून हेडफोनमध्ये थोडा साठा करून ठेवायचा, आणि मग उलगडून कानात सोडायचा, या सगळ्याला वेळ लागतोच. ध्वनी आकुंचित करण्याच्या, सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी या पद्धतीत १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर नेहमीचाच असतो. ॲप्टएक्स लो लेटन्सीसारख्या पद्धतीत तो ४० च्या आसपास उतरतो, पण त्यासाठी पाठवणारे आणि घेणारे अशा दोन्ही उपकरणांत ती पद्धत असावी लागते. काकूंच्या हेडफोनमध्ये ती नव्हती. ट्रान्समीटरच्या खोक्यावर मात्र ती ठळकपणे छापलेली होती. एका हाताने टाळी वाजत नाही, हे येथे अक्षरशः लागू पडते.

पाचवा भाग सेकंद म्हणजे किती, हे ऐकणाऱ्याला पटवण्यासाठी मी अंतराचे उदाहरण देतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत साधारण ६८ मीटर. मैदानाच्या मधोमध फलंदाजाने फटका मारलेला सीमारेषेवर बसलेल्याला आधी दिसतो आणि बॅटचा आवाज मागाहून येतो, तेवढे हे अंतर. काकू रोज रात्री सीमारेषेवर बसून खेळपट्टीवर ठेवलेला कीबोर्ड वाजवत होत्या असे म्हटले तरी चालेल.

आता हे लयीत मांडून पाहू. त्या मिनिटाला ८० मात्रांच्या गतीने भूपातले अलंकार वाजवतात. एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. बरोबरीच्या लयीत एकेक स्वर वाजवताना २०० चा उशीर मात्रेच्या पावभागाहून थोडा अधिक, तेव्हा तो खटकतो पण निभावतो. दुगुणीत (एका मात्रेत दोन स्वर) दोन स्वरांमधील अंतर ३७५ होते आणि चौगुणीत (एका मात्रेत चार) १८७. म्हणजे चौगुणीत बोट पुढच्या स्वरावर पडून गेल्यावर मागचा स्वर कानात येतो. 'ग' दाबावा आणि 'रे' ऐकू यावा! अशा स्थितीत हात संथ होणारच. बोलणाऱ्याला त्याचाच आवाज साधारण एवढ्याच उशिराने ऐकवला तर तो अडखळू लागतो, हे १९५० च्या सुमारासच प्रयोगांतून दाखवले गेले आहे. वाजवणाऱ्याची गत वेगळी नाही.

क्लासमधल्या घाईचे कारण याच्याच पोटात होते. घरी मेट्रोनोमही कीबोर्डमधलाच, त्यामुळे तोही तितकाच उशिरा कानात येई. काकू तो ठोका ऐकून पट्टी दाबत, आणि त्यांचा स्वर त्यानंतर आणखी २०० मिलिसेकंदांनी येई. दोन्ही जुळावेत म्हणून त्यांचा हात नकळत ठोक्याच्या आधी पडू लागला. पाच आठवड्यांच्या चिकाटीने त्यांनी ही सवय अंगवळणी पाडली. शनिवारी क्लासमध्ये स्पीकरवर वाजवताना उशीर नसे, पण हात मात्र शिकल्याप्रमाणे आधीच पडे. सरांचे निरीक्षण बिनचूक होते. निदान चुकले ते एवढेच, की दोष बोटांचा मानला गेला. मला तर उलट वाटते, की इतक्या अचूकपणे स्वतःला उशिराशी जुळवून घेणारा हात म्हातारा कसला?

मुलाचा प्रश्नही रास्त होता : याच हेडफोनवर आई फोनवर मालिका पाहते, तेव्हा ओठ आणि आवाज जुळतात, मग येथेच उशीर कसा? त्याचे उत्तर असे, की फोनला आवाज किती उशिरा पोहोचणार याचा अंदाज असतो आणि तो चित्र तितकेच थांबवून ठेवतो. पाहणाऱ्याला काही कळत नाही. वाद्याच्या बाबतीत थांबवून ठेवण्यासारखे काही नसते, कारण बोट पट्टीवर आधीच पडलेले असते.

वायर सापडली, पण

हेडफोनच्या कडक पिशवीत, झाकणामागच्या जाळीच्या कप्प्यात, सव्वा मीटरची एक वायर घडी घालून, मूळच्या तारेने बांधलेली तशीच पडून होती. वायरलेस म्हणून घेतलेल्या वस्तूबरोबर वायर आली असेल आणि तीच उपयोगी पडेल, असे कोणाच्या मनात येणार? २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले, तेव्हापासून वायर म्हणजे मागासलेपण असा एक समज रुजला आहे, आणि मोठ्या वायरलेस हेडफोनांपैकी अनेकांना आजही वायरचे भोक असते हे लोक पाहत नाहीत.

वायर सापडल्याने प्रकरण मिटेल असे मलाही वाटले होते. कीबोर्डच्या मागचे भोक मोठ्या पिनेचे, ६.३५ मिलिमीटरचे. ही पिन एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली आणि गिटारपासून ध्वनिमिश्रणाच्या मिक्सरपर्यंत आजही ठाण मांडून बसलेली. वायरीची दोन्ही टोके ३.५ मिलिमीटरची. तेव्हा मध्ये एक कन्व्हर्टर हवा. काकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून तो आणला आणि आवाज एकाच कानात आला. पाहतो तर कन्व्हर्टरच्या पिनेवर काळी रिंग एकच. एक रिंग म्हणजे मोनो. तिच्यात डाव्या-उजव्यासाठी वेगळ्या वाटाच नाहीत. स्टिरिओच्या पिनेवर काळ्या रिंगा दोन असतात. दुकानात मोठ्या पिनेला पी-३८ आणि छोटीला ईपी म्हणतात. तेथे "पी-३८ द्या" एवढेच सांगितले तर हातात मोनो पडण्याचा संभव बराच असतो. "स्टिरिओ" हा शब्द स्वतःहून उच्चारावा आणि रिंगा मोजूनच पैसे द्यावेत.

दुसरा कन्व्हर्टर स्टिरिओ होता. दोन्ही कानांत आवाज आला, पण तो पोकळ, दूरचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. खालच्या सप्तकात दम नाही. काकूंनी वाजवता वाजवता एक गोष्ट सांगितली, जी माझ्या लक्षात आली नव्हती : "मेट्रोनोम बंद आहे का रे?" तो चालू होता. पडद्यावर मात्रा पुढे सरकत होत्या आणि ठोका मात्र ऐकू येत नव्हता. एवढ्याने निदान पक्के झाले.

त्या वायरीवर बोलण्यासाठी एक माइक आणि बटण होते, म्हणून तिच्या पिनेवर दोन नव्हे तर तीन काळ्या रिंगा होत्या, म्हणजे चार भाग : टोकाला डावा कान, मग उजवा, मग सामाईक परतीची तार, आणि बुडाशी माइक. आजचे बहुतेक मोबाइल याच क्रमाने चालतात. तीन भागांच्या भोकात ही पिन घातली, की भोकातील परतीचा स्पर्श कुठे होतो यावर सारे अवलंबून राहते. तो तिसऱ्या भागावर झाला तर सर्व ठीक; आमच्या कन्व्हर्टरमध्ये तो अगदी तोंडाशी, बुडाच्या माइकच्या भागावर होत होता, आणि परतीची तार अधांतरी राहत होती. मग विद्युतप्रवाह डाव्या स्पीकरमधून जाऊन उजव्यातून परततो आणि ऐकू येतो तो केवळ डाव्या-उजव्यातील फरक. जे दोन्ही बाजूंना सारखे आहे ते एकमेकांना खोडून नाहीसे होते. मेट्रोनोमचा ठोका बरोबर मध्यभागी ठेवलेला, दोन्हीकडे अगदी सारखा. म्हणून तो गायब. खर्जाचे स्वरही बहुतांशी मध्यभागीच. उरते ती पियानोच्या स्वराभोवतीची आस आणि कडा.

खात्रीसाठी पिन अर्धा मिलिमीटर बाहेर ओढली. ठोका परत आला, खर्ज भरला, काकूंचा चेहरा बदलला. हात सोडला की पुन्हा विहीर. अर्धा मिलिमीटर ओढून धरून रियाझ करता येत नाही, तेव्हा वायर बदलणे भाग होते.

ती बदलतानाही एक ठेच लागलीच. घरातली गाडीची ऑक्स केबल (फोन गाडीच्या स्पीकरला जोडायची वायर) तीन भागांची, म्हणजे योग्य जातीची. पण हेडफोनमधील भोक आत खोल आणि त्याभोवतीची जागा अरुंद. केबलच्या पिनेमागचा जाड रबरी दांडा त्यात शिरेना आणि पिन पुरती बसेना. काही हेडफोनांना तर कानाकडच्या टोकाला ३.५ ऐवजी २.५ मिलिमीटरची पिन लागते. बोस कंपनीच्या क्यूसी ३५ या हेडफोनचे तसे आहे. शेवटी मी लॅमिंग्टन रोडवरून एक वायर करून आणली : एका टोकाला बारीक दांड्याची दोन रिंगांची छोटी पिन, दुसऱ्या टोकाला थेट मोठी स्टिरिओ पिन, मध्ये कन्व्हर्टर नाही, लांबी तीन मीटर. कन्व्हर्टर हा सांधा असतो, आणि माझ्या अनुभवात सांधाच आधी दगा देतो.

दरम्यान मुलाने फोनला लावायचा टाइप-सी ते ३.५ चा तुकडाही मागवला होता. तो परत पाठवायला सांगितले. तो तुकडा फोनमधील डिजिटल ध्वनीचे कानात जाणाऱ्या ध्वनीत रूपांतर करतो. उलट दिशेने, कीबोर्डच्या भोकातून हेडफोनच्या टाइप-सीकडे, तो काहीच नेत नाही. ज्या हेडफोनला केवळ टाइप-सीतूनच वायरचा ध्वनी घेता येतो, तो कीबोर्डच्या पिनेला असा साध्या तुकड्याने जोडता येत नाही. कानात बसणाऱ्या सुट्या इअरबडना तर बहुधा हा मार्गच नसतो.

बटण चालू की बंद

वायर लावल्यावर हेडफोनचे बटण चालू ठेवावे की बंद, हा प्रश्न काकूंनी विचारला आणि तो दिसतो तितका भाबडा नाही. बंद असताना कीबोर्डचा प्रवाह थेट हेडफोनमधील स्पीकरांवर जातो. चालू असताना तो आतल्या ॲम्प्लिफायरमधून जातो, आवाजाचा तोल सुधारला जातो आणि गोंगाट दाबण्याची सोयही मिळते. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ या हेडफोनचा छापील अवरोधच (प्रवाहाला होणारा विरोध) पाहा : चालू असताना ४० ओहम, बंद असताना १६. कीबोर्डच्या दृष्टीने हे जवळजवळ दोन वेगवेगळे हेडफोन झाले. सगळ्यांना ही दुहेरी सोय नसते. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स बॅटरी संपल्यावर वायर लावूनही बोलत नाही, कारण त्यात वायरने आलेला ध्वनीही आतल्या इलेक्ट्रॉनिक वाटेनेच कानापर्यंत जातो.

काकूंचा हेडफोन दोन्ही प्रकारे चालतो. बंद असताना खर्ज घुमतो आणि तार सप्तक दबते. चालू केला की स्वर मोकळे होतात. चालू ठेवल्याने पुन्हा उशीर तर होत नाही ना, म्हणून तीच नखाची तपासणी दोन्ही स्थितींत केली. पट्टी आपटण्याची टक आणि स्वर यांतील अंतर दोन्ही वेळा पाच-सात मिलिसेकंदांच्या आत राहिले, आणि त्यातलाही काही भाग कीबोर्डचा स्वतःचाच असणार. हाताला हे जाणवत नाही. एवढ्या वेळात आवाज हवेतून फार तर सव्वादोन-अडीच मीटर जातो. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या तबलजीचा ठेका इतकाच उशिरा येतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. तेव्हा बटण चालू ठेवावे, आणि रात्री बॅटरी संपलीच तर बंद करून पुढे वाजवावे, असे ठरले.

आवाज कमी-जास्त करण्याची हेडफोनवरची बटणे मात्र वायर लावताच मुकी झाली. बऱ्याच हेडफोनांचे असेच असते. आता सगळा कारभार कीबोर्डवरील गोल बटणाकडे, आणि स्पीकरवर वाजवून ते वरच्या बाजूला राहिले असेल, तर कानात पहिला स्वर दणका देऊन येतो. म्हणून पिन घालण्याआधी ते खाली आणायचे, मग हळूहळू वाढवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे; गोंगाट दाबला गेल्यामुळे पंख्याच्या आवाजावर मात करण्याची गरज उरत नाही आणि काकूंना पावपट आवाजही पुरतो.

हात परतताना

जोडणी एका रात्रीत सुधारली, हात सुधारायला वेळ लागला. वायर लावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरीही त्या ठोक्याआधी येऊ लागल्या, आणि आता ते त्यांना स्वतःला ऐकू येत होते, म्हणून त्या अधिकच खट्टू झाल्या. सरांना मी मुद्रणातील त्या दोन रेषा दाखवल्या. त्यांनी चौगुण बंद केली, गती ८० वरून ५० वर आणली आणि मेट्रोनोमऐवजी काही दिवस नुसता पायाने ठेका धरायला लावला. माझ्या मते हाच उपाय सर्वांत कामाचा ठरला. तिसऱ्या शनिवारी सर काही बोलले नाहीत, असे काकूंनी मोठ्या समाधानाने सांगितले.

तीन मीटरच्या वायरीची एक गैरसोय उरली : ती पायाच्या पॅडलमध्ये अडकते. ती पाठीवरून घेऊन खुर्चीच्या दांड्याला कपड्यांच्या चिमट्याने पकडून ठेवली, की पट्ट्यांवर घासत नाही आणि घासण्याची खरखरही कानात येत नाही. ट्रान्समीटर आता टीव्हीला लावला आहे. काका रात्री त्यावर बातम्या ऐकतात; निवेदिकेचे ओठ आवाजाच्या किंचित आधी हलतात, पण त्याचे त्यांना काही वाटत नाही.